दमपिंग

आप्पांच्या मोटारसायकलवर मागं बसायचं, तर हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरावा लागे. मी शेजारी, त्यातून रांजणगावला दोघांची कंपनी एकच, म्हणून हा मान कायम माझ्याकडे. शिरूरच्या आमच्या आळीतून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं, चार खड्डे खाऊन परत यायचं आणि पेल्यात किती उरलं ते दाखवायचं. पाणी पेल्यात कमी, माझ्या प्यांटीवर जास्त. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यात आमचीही असायची.

"आजून दमपिंग जमंना," म्हणत आप्पा पुढचे शॉकअप पुन्हा खोलायला बसायचे.

आता ही दमपिंगची भानगड सांगतो. चाक खड्ड्यात गेलं की शॉकअपमधली स्प्रिंग दबते, मग उसळते. ती उसळी आवरायला आत ऑइल असतं. या आवरण्याला डॅम्पिंग म्हणतात. कंपनीतल्या एका इंजिनियरनं आप्पांचा उच्चार सुधारून पाहिला. आप्पा म्हणाले, "सायेब, डॅम्प म्हंजी ओल. शॉकपात ओल कशाला? गाडीला दम धरता आला पायजे. दमपिंगच बरोबर हाय." महिन्याभरात तो इंजिनियरही दमपिंग म्हणायला लागला!

आप्पा फिटर, आणि गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. जाड ऑइल घातलं की ती पाटासारखी ताठ व्हायची, पातळ घातलं की नुसती नाचायची. मग आप्पांनी लेथवर पितळेचे छल्ले काढले, त्यांना बारीक भोकं पाडली, ऑइल आतून सावकाश जावं म्हणून. दोन्ही शॉकअपमध्ये ऑइल थेंबाला थेंब सारखं हवं. ते मोजायला त्यांनी सुनेच्या नकळत नातवाची दुधाची बाटली उचलली. त्या दिवशी घरात जे झालं, त्याला कुठलंच दमपिंग पुरलं नसतं.

माणसंही ते याच मापानं मोजत. सुपरवायझर तडकला की म्हणत, "ह्याचं ऑइल गळालंय." एकदा मी बायकोवर ओरडलो, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ऑइल बदला, ऑइल!"

हा सगळा खटाटोप काकींसाठी, म्हणजे आप्पांच्या बायकोसाठी, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं भांडगावला माहेरी जाताना गाडी खड्ड्यात आदळली आणि काकींची पाठ धरली. पाठ बरी झाली, पण काकी त्या गाडीवर पुन्हा बसल्या नाहीत. कुणी विचारलं की एकच उत्तर, "शॉकप गेल्यात तिचं." तेव्हापासून माहेरी जायचं तर काकी एसटीत आणि आप्पा एसटीच्या मागं, रिकामी सीट घेऊन. असं जोडपं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी एका रविवारी माझी प्यांट कोरडी राहिली. आप्पा थेट काकींपुढं उभे. "झालं शॉकप. बसून बगतीस का?"

काकींनी हँडल स्वतः दाबून पाहिलं. "हळू हाणा," म्हणाल्या आणि बसल्या. अख्खी आळी दारात! मी माझी गाडी काढून मागोमाग निघालो. खड्डा आला की आप्पा मान वळवून विचारायचे, "लागलं का गं?" आणि काकी ओरडायच्या, "आवो, म्होरं बगा!" भांडगाव येईपर्यंत हेच.

काकी उतरल्या आणि तडक भावाच्या घरात गेल्या. मी म्हणालो, "आप्पा, जमलं की दमपिंग!"

आप्पा फडक्यानं हेडलाइट पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "शॉकप तवाबी चांगलंच व्हतं."

"आं?"

"खड्डा दिसला व्हता मला. ती हळू हळू म्हणत व्हती, मीच जोरात हाणली. हितं भाऊ इचारायला लागला, तवा तिनं सगळं शॉकपवर ढकललं. मी बी गप ऱ्हायलो. मग काय करू? शॉकपच नीट करत बसलो."

दोन वर्षं हा माणूस धडधाकट शॉकअप दुरुस्त करत होता! मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात आतून काकींच्या भावाचा आवाज आला, "आक्का, जाताना येष्टी कितीची हाय?"

"येष्टी कशाला? गाडीवर आले, गाडीवरच जाईन," काकी म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, बाहेर ऐकू येईल असं, "चालवणारा चांगलाच हाय माझा."

भावजय चहाला बोलवत होती. आप्पा मात्र अंगणातल्या नळावर कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.