ग्रंथालयाला मत नसतं

रविवारी सकाळी मुख्य ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा ग्रंथपालबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"'ग्रंथपालांना विचारा' या ऑनलाइन सेवेवर बसणाऱ्या बाईंना ताप आलाय," साहेब म्हणाले. "आज तुम्ही बसा. घरूनच."

"मी? साहेब, मी पुस्तकांना नंबर लावणारी. मला माणसांशी बोलायची सवय नाही हो."

"बोलायचं नाहीच आहे. टाइप करायचंय. फक्त लक्षात ठेवा, वाचकाचं नाव आपल्याला दिसत नाही, तर विचारायचं नाही. त्याने काय विचारलं ते कुणाला सांगायचं नाही. आणि सल्ला अजिबात द्यायचा नाही. ग्रंथालयाला मत नसतं. मी इकडून बघतोच आहे."

ग्रंथपालबाईंनी कपडे तसेच पलंगावर टाकले आणि झोपायच्या खोलीत लॅपटॉप मांडला. स्वयंपाकघरात यजमान मटार सोलत होते. त्यांना "ऑफिसचं काम आहे, हाक मारू नका," एवढंच सांगून त्यांनी दार लोटलं. शेजारच्या खोलीत लेक फेऱ्या मारत होती. तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. जेवतानासुद्धा एक पाय खुर्चीबाहेर. म्हणून घरात तिला भुंगा म्हणत.

सेवा सुरू झाली आणि तरुण मंडळींनी बाईंना श्वास घेऊ दिला नाही. एकाला नद्यांवरच्या पुलांचा सगळा इतिहास हवा होता, दोन पानांत. एकीला ते निळ्या कव्हरचं पुस्तक हवं होतं, ज्यात शेवटी बहीण परत येते. तिसऱ्याने विचारलं, "तुम्ही मशीन आहात का?"

"नाही," बाईंनी लिहिलं.

"मग इतक्या लवकर उत्तर कसं दिलंत?"

बाई खुलल्या. इतकी वर्षं आपण नंबर लावलेली पुस्तकं शेवटी वाचतं कोण, हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. तेवढ्यात नवीन प्रश्न आला.

"लाकडाचे सांधे कसे करतात यावर चित्रांसकट काही आहे का? खुर्चीचा पाय सारखा निखळतोय."

बाईंनी झटपट तीन पुस्तकं शोधून पाठवली. उत्तर आलं, "भारीच! थँक्यू मॅडम." मग थोडं थांबून, "अजून एक विचारू? कॉलेज सोडलं हे घरी कसं सांगायचं, यावर काही पुस्तक आहे?"

बाईंनी चष्मा सारखा केला. "वाचकाने कृपया विषय अधिक स्पष्ट करावा."

"अकाउंट्सला होते. डोकं फुटायची वेळ आली. आता एका फर्निचर दुरुस्तीवाल्या काकांकडे शिकतेय. आईला वाटतं मी कॉलेजला जाते. तिला सांगायची हिंमत होत नाही. आई लायब्ररीतच असते. पुस्तकांना नंबर लावते."

शेजारच्या खोलीतल्या फेऱ्या थांबल्या होत्या. बाईंनी कान देऊन ऐकलं. फेऱ्या थांबल्या की पडद्यावर ओळ यायची. ओळ आली की फेऱ्या पुन्हा सुरू व्हायच्या.

बाईंची बोटं त्यांना न विचारता चालली. "काय?????"

"मॅडम?"

"लेखनदोष. क्षमस्व."

कोपऱ्यातल्या लहान चौकटीत साहेब उगवले. "एवढी प्रश्नचिन्हं कशाला?"

बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत बसल्या, एक टॉवेल घडी केला, उलगडला. थेट जाऊन कान धरावा, तर वाचकाचं गुपित फोडल्यासारखं होणार. गप्प बसावं, तर राहवत नव्हतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला.

"वाचकांनी आधी पदवी पूर्ण करावी, असे ग्रंथालयाचे मत आहे."

साहेबांची चौकट तत्काळ उघडली. "ग्रंथालयाला मत नसतं!!"

"एवढी उद्गारचिन्हं कशाला?" असं बाईंनी लिहिलं आणि घाबरून पुसलं. वाचकाला लिहिलं, "मागील ओळ रद्द समजावी. नेमके पुस्तक सुचवण्यासाठी आपल्या आईविषयी थोडी माहिती द्यावी. स्वभाव वगैरे."

पलीकडे फेऱ्या थांबल्या त्या बराच वेळ सुरूच होईनात. मग ओळी आल्या.

"वाईट नाहीये ती. पण तिला सगळं जागच्या जागी लागतं. मी लहान असताना गणितात पहिली आले, तेव्हापासून तिने मला एका कपाटात लावून ठेवलंय. मी तिथे नाहीये हे तिला कळलं, तर ती ओरडणार नाही. नुसती शोधत बसेल. त्याचीच भीती वाटते."

बाईंना पुढची ओळ वाचता येईना. चष्मा काढून पुसला, तरी येईना.

"वाचक थांबलाय," साहेबांनी टोकलं.

"या विषयावर पुस्तक उपलब्ध नाही," बाईंनी लिहिलं. "आईला सरळ सांगावे. आजच."

"आज? रविवारी ती कपाटं आवरते. मूड नसतो."

"आज असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

बाईंनी जीभ चावली. "ग्रंथालयाचा अंदाज."

साहेबांनी या वेळी नुसता एक लाल ठिपका पाठवला.

"ठीक. जाते," वाचकाने लिहिलं. "पण मॅडम, लाईनवर राहा हं. अडकले तर विचारते."

बाई ताडकन उठल्या. लॅपटॉप बंद करावा, तर साहेब. उघडा ठेवावा, तर लेक. त्यांनी कपड्यांचा ढीग उचलून त्यावर टाकला आणि हातात एक मोजा धरून शांतपणे उभ्या राहिल्या. दार उघडलं. भुंगा आत आली. एका हातात फोन, दुसऱ्याने ओढणीचं टोक पिळत.

"आई, कामात आहेस?"

"छे! कसलं काम! मोजा आहे."

"मला काहीतरी सांगायचंय. सरळ."

"सांग की. मी कुठे ओरडतेय?"

"अजून मी काही बोललेच नाहीये." भुंगाने आईकडे संशयाने पाहिलं. मग डोळे मिटून एका दमात म्हणाली, "मी कॉलेज सोडलं. खुर्च्या दुरुस्त करते. मला ते आवडतं."

बाईंना खूप बोलायचं होतं. परंतु अजून काही माहीत नसल्याचा चेहरा करायचा, धक्का बसल्याचा चेहरा करायचा आणि शोधत बसणार नाही असाही चेहरा करायचा, हे एका तोंडाला जमेना. त्या मोजा उलटा-सुलटा करत राहिल्या.

भुंगाने घाईघाईने फोनवर टाइप केलं. कपड्यांच्या ढिगातून आवाज आला, टुंग.

तिने मान वर केली. पुन्हा टाइप केलं. टुंग.

तिने आईच्या डोळ्यांत बघत नुसतं एक टिंब पाठवलं. यजमानांच्या बनियनखालून, टुंग.

"आई!"

"वाचकाची माहिती गोपनीय असते," बाई मोज्याकडे बघत म्हणाल्या. "मला काहीएक माहीत नाही."

"मॅडम तू होतीस? इतकी गोड?"

"म्हणजे एरवी नसते?"

"एरवी तू मला बोलूच देत नाहीस!"

"आणि तू मला सांगतच नाहीस!"

दोघी एकदम बोलल्या, एकदम थांबल्या. मग भुंगा पलंगावर आईला चिकटून बसली, आणि चक्क बसूनच राहिली.

"तो पाय," बाई हळूच म्हणाल्या, "खुर्चीचा. सारखा का निखळतो गं?"

"जुना गोंद खरवडून काढल्याशिवाय नवा धरतच नाही," भुंगा म्हणाली, आणि हातवारे करत खुर्चीबद्दल बोलत सुटली. बाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण मुलगी इतकं सलग बोललेली त्यांनी किती तरी दिवसांत ऐकली नव्हती. "मला बघायला यायचंय तिथे," त्या म्हणाल्या. "पण काळजी वाटते ती वाटणारच. ते मी लपवणार नाही."

"नको लपवूस. बाबांना पण मघाशी म्हटलं, लायब्ररीच्या मॅडम काय छान समजावतात म्हणून."

"बाबांना? म्हणजे त्यांना हे..."

भुंगाने ओठ चावला. ढीग पुन्हा वाजला. बाईंनी कपडे बाजूला केले. नवीन वाचक होता.

"नमस्कार मॅडम. मुलीने कॉलेज सोडल्याचे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या फर्निचरवाल्याशी गाठ मीच घालून दिली. हे पत्नीला कसे सांगावे, यावर एखादे पुस्तक मिळेल का? पत्नी शेजारच्या खोलीत आहे. अर्जंट."

साहेबांची चौकट उघडली आणि लगेच मिटली.

बाईंनी बाह्या सरसावल्या आणि सावकाश, एकही चूक न करता टाइप केलं:

"आपण आहात तिथेच बसा. ग्रंथपाल प्रत्यक्ष येत आहेत."