सव्वाअकरा वाजता सहज हसणे

कंट्रोलरसाहेबांनी दाराच्या आतल्या बाजूला वेळापत्रक चिकटवलं, तेव्हा मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. उभा जन्म बस आगारात गाड्या वेळेवर सोडण्यात गेलेला हा माणूस. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सोसायटीत सगळे कंट्रोलरसाहेबच म्हणत. वेळापत्रक सुवाच्य अक्षरात होतं. नऊ दहा, सहज चहा. नऊ चाळीस, सहज झाडांना पाणी. साडेदहा, शेजारी येणे. सव्वाअकरा, आईचे सहज हसणे.

"बाबा, ती फोटोवाली कुणाला उभं करत नाही, हसा म्हणत नाही. आपण जसे राहतो तसेच राहायचंय."

"मग राहा की जसे राहता तसे," साहेब म्हणाले. "फक्त वेळेवर राहा."

सोमवारी मुलगी परदेशी नोकरीला निघणार होती. जाताना घरातल्या साध्यासुध्या दिवसाचे फोटो सोबत हवेत म्हणून तिनं हा घाट घातला होता. साहेबांना मात्र एकच फोटो हवा होता, बायकोचा, हसतानाचा. कॅमेरा दिसला की बाईंचा चेहरा पासपोर्टचा व्हायचा. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्या तक्रार नोंदवायला आल्यासारख्या दिसत. आणि एरवी तरी त्या कुठे हसायच्या? बत्तीस वर्षं पहाटेच्या पाळीला हिनं गरम डबा हातात दिला, एकदा तापानं फणफणली होती तेव्हाही दिला. त्या बदल्यात आपण हिला ऐकवलं काय, तर कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते. हिला हसवणं काही आपल्याला जमलं नाही, ही टोचणी साहेबांना होती आणि ती खरी होती.

फोटोवाली बारीकशी, मितभाषी होती. आली, चपला काढल्या आणि कोपऱ्यात उभी राहिली. घरचा चहा सातलाच झाला होता, पण वेळापत्रकात नऊ दहाला होता म्हणून सगळ्यांनी पुन्हा घेतला. चहा सहज कसा प्यावा हे साहेब उभं राहून समजावू लागले, तर कॅमेरा त्यांच्याकडेच वळलेला. "माझे कशाला? तिकडे काढा, तिकडे," म्हणून ते मागे वळले. बाईंचा चेहरा पासपोर्ट.

झाडांना पाणीही सकाळीच घालून झालं होतं. पण नियम म्हणजे नियम. साहेबांनी स्वतः झारी उचलली आणि आधीच तुडुंब असलेल्या कुंड्यांत मनसोक्त ओतली. व्हायचं तेच झालं. पाणी गॅलरीतून गळून खालच्या काकूंच्या वाळत आलेल्या चादरीवर पडलं, आणि काकू ती चादर घेऊन वर आल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ बावन्न. शेजाऱ्यांची वेळ साडेदहाची.

"अडतीस मिनिटांनी या," ते अदबीनं म्हणाले. "वेळेआधी गाडी फलाटाला लावत नाही आम्ही."

काकूंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं, ओली चादर मांडीवर घेऊन सोफ्यावर बैठक मारली आणि ही वाळल्याशिवाय हलायची नाही असं जाहीर केलं. सोफाही भिजायला लागला. मग साहेबांनी इस्त्री काढली. चादर वाळवता वाळवता, नैसर्गिक वागणं म्हणजे नेमकं काय, हे ते फोटोवालीला सांगू लागले. इस्त्री एका जागी, भाषण चालू. धूर आला तेव्हा चादरीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. काकूंना घरातली कोरी चादर देऊन, माफी मागून बोळवण करेपर्यंत सव्वाअकरा वाजून गेले. आणि हा सगळा वेळ कॅमेरा साहेबांवरच. मुलीनं फोटोवाली शोधून आणली ती नेमकी अर्धवट, असं त्यांना वाटायला लागलं.

आता राहिला विनोद. प्रवासी आणि कंडक्टरचा एक विनोद त्यांनी दोन दिवस बाथरूममध्ये घोकला होता. पण उशीर झालेला, म्हणून वेळ भरून काढायला त्यांनी त्याचा शेवट आधी सांगितला. कुणीच हसलं नाही. बाई समोर खुर्चीत ताठ बसून होत्या. पासपोर्ट.

साहेब मटकन खाली बसले.

"तिचा एक हसरा फोटो हवा होता हो," ते फोटोवालीला म्हणाले. "पोरीबरोबर जायला. एवढं केलं हिनं आमचं, आणि मी हिला कधी मनापासून हसताना पाहिलंच नाही."

फोटोवालीनं कॅमेरा उलटा करून मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर ते स्वतः चहावर भाषण देत होते, आणि त्यांच्या खांद्यामागे बाई तोंड दाबून हसत होत्या. पुढच्या फोटोत साहेब काकूंना घड्याळ दाखवत होते, आणि मागे बाई दाराला धरून वाकल्या होत्या. इस्त्रीच्या फोटोत तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लेक त्यांना सावरता सावरता स्वतःच कोसळली होती.

साहेबांनी सगळे फोटो पाहिले. मग पुन्हा पाहिले.

"हे आजचंच, की..."

"बत्तीस वर्षांचं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर हसले असते, तर तुम्ही थांबला असतात. मग माझं कसं व्हायचं? नवीन लग्न होऊन आले तेव्हा या घरात करमत नव्हतं मला. तुम्ही कामावरून यायचात, ते गाड्यांचं सांगायचात, आणि माझा दिवस जायचा."

आपल्या हातून हिला काही मिळालं नाही म्हणून साहेब झुरत होते, आणि ही तर रोज घेत आली होती. देवाचे, फोटोवालीचे, झालंच तर खालच्या काकूंचेही आभार कसे मानावे, त्यांना कळेना. मुलीनं इस्त्रीवाला फोटो सोबत न्यायचं ठरवलं. फोटोवालीनं सामान आवरलं.

"यात मी जरा मूर्ख दिसतोय," साहेब नाक ओढत म्हणाले.

"जरा?" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या समोर, अगदी तोंडावर, खळखळून हसल्या. कॅमेरा बॅगेत गेला होता. तो बाहेर काढा असं साहेब कुणालाच म्हणाले नाहीत. ते नुसते बघत बसले.