कमळाबाईंसाठी पक्की जमीन

जमिनीच्या पोटात काय आहे, ते नाना पेडणेकरांना विचारावं! लढाईत विमानातून काढलेले फोटो बघून त्यांनी ब्रह्मदेशातले जपान्यांचे खंदक ओळखले होते, आणि हे ठाऊक नसलेलं मांजरही डिलाईल रोडच्या चाळीत नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत नानांच्या पत्नी कमळाबाई आयुष्यातलं पहिलं भाषण करणार होत्या. महिनाभर चुलीपुढे पाठांतर चाललं होतं. अडचण सभेच्या मैदानाची होती. लढाईत लष्कराने तिथे बरंच खणलं-बांधलं होतं आणि मग सारं सपाट केलं होतं. कुठे काय होतं, कुणाला आठवेना; मग व्यासपीठ पेलेल अशी पक्की जागा कुठली? नानांकडे मैदानाचा तेव्हाचा, विमानातून काढलेला फोटो होता. त्यांनी तो नकाशासारखा उत्तर वर करून धरला आणि भिंग लावलं. ओळीने बारा उंचवटे, माणसाएवढे लांब. क्षणभर त्यांना थडगीच वाटली.

"तोफखान्याचे बांध," ते म्हणाले. "वरची माती काढली तरी बूड पक्कं. हत्ती उभा करा."

"उभं मला राहायचंय," कमळाबाई म्हणाल्या.

व्यासपीठ त्या बांधांच्या जागीच उभारलं. संध्याकाळी मैदानावर गिरण्यांचा धूर उतरला. कुत्री व्यासपीठाला लांबून वळसा घालत होती. पायाखाली जमीन पोकळ वाजली तेव्हा नाना चरकले, पण जाणत्याने कुत्र्यांचं किती ऐकायचं?

भाषण सुरू झालं. नाना समोर उभ्या असलेल्या वरळीच्या चंपा कोळणीला फोटो दाखवत होते.

"नाना, हे खड्डे हाईत."

"बांध आहेत गं."

"माझ्या बाजूनं बघा की."

नाना तिच्या बाजूला गेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाराच्या बारा उंचवटे खाली बसले. सावली आपल्याकडे पडेल असा फोटो धरायचा, नाहीतर खड्डा टेकाड दिसतो, हा तर लष्करातला पहिला धडा. त्यांनी वर पाहिलं. कमळाबाई मघापेक्षा बुटक्या दिसत होत्या.

आवाज नाही, धडपड नाही. एकेका वाक्यासरशी बाई व्यासपीठासकट खाली चालल्या होत्या. कंबर गेली, खांदे गेले, अंबाडाही गेला. हजार माणसं गप्प बसून बघत होती. मग जमिनीच्या आतून खणखणीत आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

नाना धावले. खड्ड्यात भरलेली गिरणीची राख दोन्ही हातांनी उपसताना, आता ही गेली, या भीतीने ते लहान मुलासारखे रडत होते.

कमळाबाई डोक्यापासून पायापर्यंत राखेने माखून बाहेर आल्या. नाना बोलणी खायला मान खाली घालून उभे राहिले.

"एक माणूस उठून गेला नाही," त्या पदर झटकत म्हणाल्या. "तो फोटो जपून ठेवा. मंगळवारी आपल्या विरोधातल्या, गुजरातसह एकच राज्य हवं म्हणणाऱ्या द्वैभाषिकवाल्यांची सभा आहे. त्यांनाही जागा तुम्हीच दाखवा."