पहिली बादली की दुसरी?

आमच्या सोसायटीत कुणाच्याही घरी पाणी कोमट येऊ लागलं, की सांडभोर काका पायात चपला सरकवतात आणि त्या घराच्या दारातूनच विचारतात, "पहिली बादली की दुसरी?" नमस्कार, कसं काय, बरं आहे ना, हे शब्द त्यांना ठाऊकच नसावेत अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

काका राजगुरुनगरच्या बाजूचे. उभी हयात चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला गेली. निवृत्त होऊन पिंपळे सौदागरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले आणि सोसायटीतले झाडून सगळे गिझर त्यांनी अंगावर घेतले.

त्यांचं शास्त्र सोपं. पहिलीच बादली कोमट असेल तर दोष आत. कॉइलवर क्षार चढलाय, नाहीतर थर्मोस्टॅट लवकर बंद होतोय. पहिली कडक आणि दुसरी कोमट, तर गिझर निर्दोष. "टाकी लहान आन् खटलं मोठं. त्याला गिझर काय करणार, राव?" पाणी ते हाताने बघत नाहीत, बाही सारून कोपर बुडवतात. म्हणतात, "हात सोकावलेला असतो. कोपर खोटं बोलत न्हाई."

एकदा तिसऱ्या मजल्यावर गिझर कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला तरी पाणी कोमटच. काका बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर पाऊण तास बसून राहिले. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "गिझर ठणठणीत हाय. बिघाड हॉलमध्ये बसलाय." लाइटबिलाच्या काळजीने हळूच स्विच बंद करणाऱ्या आजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हा प्रश्न ते कशालाही लावत. नोकरीत मन लागत नाही असं मी एकदा सहज बोललो, तर म्हणाले, "पहिली बादली की दुसरी?" मला आधी राग आला. मग दोन दिवस मी त्याचाच विचार करत होतो.

काकू मात्र हसायच्या. "जगाचं पाणी तापवत हिंडत्यात. घरचा दहा लिटरचा डबा काय बदलत न्हाईत."

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या आणि काकांचं दार बंद झालं. गिझर बिघडल्याचं कुणी सांगायला गेलं तर आतून उत्तर यायचं, "दुसऱ्याला बोलवा." दोन महिने झाले. हा माणूस असाच आतल्या आत विझून जाईल, अशी मला खरोखर भीती वाटू लागली. शेवटी एका रविवारी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. म्हटलं, "काका, पाणी कोमट येतंय."

ते आले. बाही सारली आणि कोपर नळाखाली धरलं.

"कडक हाय."

"मगाशी कोमट होतं."

"पहिली बादली की दुसरी?"

"दुसरी," मी ठोकून दिलं.

त्यांनी खाली पाहिलं. "फरशी कोरडी हाय, राव. तुमची अजून पहिलीसुद्धा भरली न्हाई."

मी ओशाळलो आणि चहा टाकला. काका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. कप हातात घेऊन म्हणाले, "आमचा गिझर एका बादलीचा. पहिली तिची, दुसरी माझी. रोज बाहेरून इचारायची, पाणी कडक हाय ना? मी म्हणायचो, एकदम कडक."

"आणि यायचं कोमट?"

"व्हय. आता पहिली बी माझीच. पण तेवढं कडक अंगाला सोसत न्हाई. मग पहिली काढून बाजूला ठेवतो आन् दुसरीनं आंघोळ करतो."

"पहिलीचं काय करता?"

"निवली की तिच्या कुंड्यांना घालतो."

मी त्यांच्या कपात अजून चहा ओतला. तो त्यांनी सावकाश संपवला आणि उठताना विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बऱ्या हायेत ना? जाऊन येतो."

जाताजाता आमच्या गिझरचा चालू राहिलेला स्विच बंद केला. दाराशी चपला सरकवत म्हणाले, "पाण्याच्या बाबतीत खोटं बोलायचं तर नीट बोलावं, राव. तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई."