ड्यूटीवरच्या नानांची बदली

मुकुंदभैया आमच्याकडे चहाला आले की सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. आधणाला चांगली उकळी फुटली की म्हणतात, "वहिनी, आता हलवा." मग मी पातेलं या शेगडीवरून त्या शेगडीवर ठेवायचं, आणि तेही उकळी न मोडता. उकळी बसली की ते मान हलवतात. "तुटलं कनेक्शन." साधलं तर चहा न पिताच इतके खूश होतात की यांना चहा हवा होता की नाही, असा प्रश्न पडतो.

आमच्या उत्तरेकडच्या शहरात, खासगी बाजार नावाच्या पेठेत, आमच्या समोरच्या दारात ते आणि त्यांचे वडील नाना असे दोघेच राहायचे. मुकुंदभैयांनी लग्न केलं नाही. फोनवर बोलता बोलता ते सदरा बदलतात, जेवता जेवता पंख्याखालच्या खुर्चीत सरकतात, आणि दोन्हीकडे खंड पडलेला त्यांना चालत नाही. त्यांचं एकच म्हणणं असतं, "हलवा, पण कळू देऊ नका."

हे खूळ त्यांच्या कामातून आलं. दूरच्या एका कंपनीचं काम ते घरातल्या कॉम्प्युटरवर बसून करतात. मी चौथीपर्यंत शिकले, मला त्यातलं काय कळणार, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. एकदा त्यांनीच सांगितलं.

"आमच्याकडे एक पहारेकरी असतो वहिनी. माणूस नाही, प्रोग्रॅम. मोठ्या मशिनीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. बाहेरच्या नव्या माणसाची चौकशी करतो. पण आतून गेलेला परत आला तर त्याला विचारत नाही, सोडतो."

"म्हणजे नानांसारखा," मी म्हटलं.

मुकुंदभैया इतके हसले की मला वाटलं काही चुकलं. "एकदम नानांसारखा. आता ती मशीन दुरुस्तीला काढायची झाली, तर त्याला दुसऱ्या मशिनीत न्यायचं. पण ड्यूटी चालू ठेवून. लोकांना पत्ता लागता कामा नये."

"मग लागतो का?"

"कधी कधी पहारेकरी पोचतो, आणि कोण बाहेर गेलंय हे तो विसरलेला असतो. घरचेच लोक परत येतात आणि हा त्यांना दारातच अडवतो."

असं एकदा झालंही होतं. सकाळपासून त्यांचा फोन वाजत होता आणि ते कान लाल करून सगळ्यांना हेच सांगत होते, "भाईसाहब, आदमी भला है, बस याददाश्त पीछे रह गई."

नानांबद्दल सांगायचं राहिलं. नाना पूर्वी एका बँकेत गार्ड होते. रिटायर झाले, पण ड्यूटी सुटली नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला, दाराबाहेर, खुर्ची टाकून बसायचे. काठी आडवी धरलेली. कोणी आलं की, "कौन? कहाँ से? किससे मिलना है?" ड्यूटीवर नाना हिंदी बोलायचे आणि जेवायला बसले की मराठी. मी भाजीची वाटी घेऊन गेले तरी तेच प्रश्न. मला तर समोरच्या दारातून आले हे सांगतानाही घाम फुटायचा. एकदा "किससे मिलना है"ला उत्तर सुचेना, म्हणून मी वाटी घेऊन परत आले आणि ती भाजी आम्हीच खाल्ली. पण एकदा आत सोडलं की मग विचारायचे नाहीत. रिकामी वाटी न्यायला गेले की काठी आपोआप वर व्हायची. त्या काठीखालून जाताना मला फार मान मिळाल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी नानांना जिना झेपेनासा झाला, धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलजवळ राहा, लिफ्ट असलेलं घर बघा. मुकुंदभैयांनी शहरातल्याच कंपू भागात फ्लॅट पाहिला. आणि मग तेच मागेपुढे करायला लागले, कारण नानांचं विसरणंही वाढत चाललं होतं.

"वहिनी, तिकडे गेल्यावर त्यांनी मला ओळखलं नाही तर?" एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी आधण हलवायला सांगितलं नाही.

दोन दिवसांत मात्र पुन्हा उत्साहात आले. "ड्यूटी चालू ठेवूनच न्यायचं नानांना. खुर्चीवरून उठवायचंच नाही."

नव्या घरात त्यांनी सगळं जुन्यासारखं लावलं. खाटेचं डोकं त्याच दिशेला, कॅलेंडर त्याच बाजूच्या भिंतीवर. जे लोक जुन्या दारी यायचे ते पहिल्याच दिवशी नव्या दारी यायला हवेत, म्हणून दूधवाल्या रामसेवकला आणि मला आमंत्रण दिलं. स्वतः सकाळी लवकर कंपूला गेले, शेवटची मांडामांड करायला.

हम्मालांनी नानांना खुर्चीसकट उचललं. नाना बिलकुल घाबरले नाहीत. जिना उतरताना खालच्या हम्मालाला विचारत होते, "कहाँ से आए?" तो बिचारा दम खात म्हणाला, "नीचे से, बाबूजी." मग खुर्ची सामानाच्या उघड्या लोडिंगच्या गाडीत चढवली, दोरीने बांधली, आणि काठी आडवी धरलेले नाना सराफ्यातून निघाले. मी मागे ऑटोत होते. ट्रॅफिक थांबला की नाना शेजारच्या स्कूटरवाल्याची चौकशी करायचे. एका दागिने घातलेल्या बाईंना विचारलं, "किससे मिलना है?" त्या म्हणाल्या, "सुनार से." नानांनी काठी वर केली. "जाओ."

कंपूत लिफ्टमधून खुर्ची वर गेली आणि नव्या दाराबाहेर ठेवली. रामसेवक पुढे झाला.

"कौन?"

"दूधवाला, दादा."

"जाओ."

मग मी. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी उचलली. मी आत जाणार, तेवढ्यात आतून दार उघडून मुकुंदभैया आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला.

नाना ताठ झाले. "तुम अंदर कैसे?"

"नाना, मी."

"मैंने तो तुम्हें छोड़ा नहीं."

सगळ्यांचा विचार मुकुंदभैयांनी केला होता, फक्त स्वतः नानांच्या समोरून आत गेले नव्हते. ते चपला घालून लिफ्टने खाली गेले आणि परत वर आले. खुर्चीसमोर उभे राहिले.

"कौन? कहाँ से?"

"मुकुंद. खासगी बाजारातून."

"किससे मिलना है?"

"नानांना."

नानांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग काठी मांडीवर घेतली आणि मराठीत म्हणाले, "मीच नाना. बसा. माझा मुलगा संध्याकाळी यायचाय कामावरून. तो आल्याशिवाय मी आत जात नाही."

"बसतो," मुकुंदभैया म्हणाले. "मला घाई नाही." आणि तिथेच फरशीवर बसले. मुलगा काय करतो, कसा आहे, हे सगळं त्यांनी नानांना विचारलं. कॉम्प्युटरचं काही करतो, नाना म्हणाले, हुशार आहे, पण जेवणाकडे लक्ष नाही.

तेव्हापासून घरातच काम करणारे मुकुंदभैया रोज संध्याकाळी कामावरून घरी येतात. कॉम्प्युटर बंद करतात, पिशवी खांद्याला लावतात, नानांचा डोळा चुकवून मागच्या दाराने निघून जिन्याने उतरतात आणि लिफ्टने वर येतात. कधी नाना त्यांची पूर्ण चौकशी करतात. ते पूर्ण उत्तरं देतात.

परवा मी भाजी घेऊन गेले होते. नाना माझ्याशी बोलत नव्हते, लिफ्टकडे बघत होते. दार उघडलं, पिशवी खांद्याला लावून मुकुंदभैया बाहेर आले आणि समोर येऊन उभे राहिले.

नानांनी काठी वर केली.

"उशीर केलास," म्हणाले.