गोळ्याचा पक्का दोरा

हॅलिबट मासा कुठे दबा धरून बसतो, काय खातो आणि त्याला कसं फसवायचं, यातलं रसेलला ठाऊक नाही असं काही उरलंच नव्हतं. अजून एकही हॅलिबट त्याने पकडला नव्हता, एवढीच काय ती उणीव होती.

"रविवारी मासा माझ्याकडून," त्याने भर जेवणात जाहीर केलं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि सगळं गोत घरी जेवायला येणार होतं. "आई, खाटकाला सांगितलेलं मटण रद्द करून टाका."

बायको ग्रासाने टेबलाखालून त्याच्या पायावर जोरात पाय दिला, पण तोवर सासूबाई देओलिंदा फोनकडे निघाल्याही होत्या.

सासरे आर्लिंदो गालात हसत पाव खात राहिले. त्यांचं अर्धं आयुष्य हाफ मून बे बंदराच्या धक्क्यावरून होड्या हाकण्यात गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि देओलिंदांनी त्यांना लग्नाच्या अंगठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की पुन्हा होडीत पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून ते फक्त टोमणे मारत. बाथरूमच्या फरश्या विकणाऱ्या या जावयाला लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही 'शाबास' म्हटलं नव्हतं. रसेलला खरं तर मासा नकोच होता. त्याला तो शब्द हवा होता.

शनिवारी संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गळ जुळवत बसला. तीन कड्यांची एक जोडणी, तिच्या एका कडीला काठीकडून येणारी दोरी. दुसऱ्या कडीला कवठाएवढा शिशाचा गोळा, तो तळाच्या वाळूत आपटत, गाळ उडवत जायचा. तिसऱ्या कडीला चकाकणारी पत्र्याची पट्टी आणि तिच्या मागे, गळाला टोचलेली चिमुकली मासळी. एवढा थाट पाहून कुठलाही हॅलिबट घर सोडून आलाच पाहिजे, अशी रसेलची खात्री होती.

आर्लिंदो दारात येऊन उभे राहिले. "हे सगळं त्या टबात बसून करणार?"

"कयाक म्हणतात त्याला, बाबा. एकट्याची होडी. पायाने पॅडल मारायचं आणि गळ मागून ओढत न्यायचा."

"गोळ्याला दोरा कसला लावलायस?"

"होता त्यातला सगळ्यात जाड. ट्रक ओढेल."

"मग चुकलं. गोळ्याचा दोरा कच्चा ठेवायचा असतो, जावईबापू. गोळा कशात अडकला की दोरा तुटला पाहिजे. गोळा जातो, बाकीचं घरी येतं."

"तुमच्या वेळी गाठी सुटत असतील. माझी नाही सुटत," रसेल प्रेमाने म्हणाला.

आर्लिंदोंनी गाठ ओढून पाहिली. खरंच सुटेना. "जाणार कुठे?"

"धक्क्याच्या दक्षिणेला. वाळूच्या पट्ट्यावर."

सासऱ्यांचा चेहरा एकदम बदलला. "तिकडे काही नाही. उत्तरेला जा. दक्षिणेला अजिबात जाऊ नकोस."

म्हातारा आपली खास जागा लपवतोय, हे रसेलने तिथल्या तिथे ओळखलं. सकाळी तो अर्थातच दक्षिणेला गेला.

आर्लिंदोंच्या स्वयंपाकघरात होडीवाल्यांचा रेडिओ दिवसभर चालू असे. नवरा समुद्रावर असताना लागलेली देओलिंदांची ती सवय, नवरा घरी बसला तरी सुटली नव्हती. आपला पराक्रम सासऱ्यांना थेट ऐकू जावा म्हणून रसेलने कयाकवर नवाकोरा रेडिओ बांधला होता.

धुकं विरळ झालं तशी काठी वाकली. साधीसुधी नाही, टोक पाण्यात जाईपर्यंत वाकली. लाट वर चढली की दोरी करकरत सुटायची, लाट उतरली की सैल पडायची. रसेलने रेडिओ तोंडाशी धरला.

"लागला! आई, तेल तापत ठेवा. दाराएवढा आहे."

"किती वजनाचा?" कुणीतरी रेडिओवरच विचारलं.

"कयाक उलटी ओढतोय," रसेल म्हणाला, आणि ते खरंच होतं. तो जितकी दोरी गुंडाळे तितकी कयाकच मागे सरके.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या कयाकवाल्यांनी आपापले गळ वर घेतले आणि त्याच्याभोवती कोंडाळं केलं. कुणी जाळी पुढे केली, कुणी सल्ला. तेवढ्यात आर्लिंदोंचा जुना दोस्त टोनी आपली मोटरबोट घेऊन आला. येताना जोरात आला, पण जवळ येऊन त्याने किनाऱ्याकडे पाहिलं, धक्क्याच्या दिव्याकडे पाहिलं, जागा ओळखली आणि त्याचं तोंड पडलं.

"रसेल, दोरा काप," टोनी दबक्या आवाजात म्हणाला.

"काय?"

"तो मासा नाही. मी सांगतो ना, काप लवकर."

"टोनीकाका, लोकांना मासा लागला की तुमच्या पोटात का दुखतं?"

"बाबा रे, पाया पडतो. काप."

रसेल कापतोय कसला? त्याने पाय रोवले आणि सगळी ताकद लावून ओढलं. दोऱ्याने दगा दिला नाही. गाठीनेही नाही. पाण्यातून हळूहळू हिरव्या शेवाळाने माखलेला एक बोया, म्हणजे खुणेचा तरंगता ठोकळा, वर आला. त्याच्या खाली दोर होता आणि दोराला रसेलच्या गोळ्याच्या दोऱ्याने मायेने विळखे घातले होते. खेकड्यांचा पिंजरा! भरतीच्या पाण्यात बोया दिसू नये, इतका आखूड दोर कुणीतरी लावला होता.

कयाकवाले हसू लागले. रसेलचे कान तापले. पण तो नियमाने चालणारा माणूस होता. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लागला, तर मालकाचं नाव लगेच रेडिओवर सांगावं, नाहीतर लोक चोर समजतात, असं सगळे सांगत. त्याने अंगठ्याने बोयावरचं शेवाळ पुसलं आणि खाली रंगवलेलं नाव खणखणीत आवाजात वाचलं.

"मासा नाही, पिंजरा आहे. चुकून अडकलाय. मालक कुणी ऐकत असेल तर... आर्लिंदो..." पुढचं आडनाव वाचेपर्यंत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोंड थांबलं नव्हतं. "...फुर्तादो."

 रेडिओवर खरखर झाली. घरून रेडिओवर बोलायला परवानगी नसते, पण देओलिंदांना अडवणार कोण?

"टोनी."

"हां, वहिनी."

"पिंजऱ्यात खेकडे असतील?"

"भरलाच असेल, वहिनी. बुधवारी टाकलाय."

"बुधवारी तुम्ही दोघं चर्चच्या हॉलमध्ये उत्सवाच्या पताका बांधत होतात ना?"

टोनीने रेडिओ बंद केला.

दुपारचं जेवण मात्र झकास झालं. पिंजरा खच्चून भरलेला निघाला. लसूण आणि लोणी घातलेले खेकडे पाहुण्यांनी बोटं चाटत खाल्ले, आणि हॅलिबटचं नावही कुणी काढलं नाही. टोनीला जेवायला बोलावलं होतं, तो आला नाही.

रसेल आणि आर्लिंदो मागच्या पायरीवर बसले होते. दोघांच्या मध्ये उकडलेल्या खेकड्यांचं घमेलं होतं. शपथ मोडणारा आणि मटण रद्द करवणारा, दोघांनी सगळे पाहुणे उठेपर्यंत कवचं फोडून आत पाठवायची, आणि उरलं तर खायचं, असा देओलिंदांचा हुकूम होता. आतून हसण्याचे आवाज येत होते. 

आर्लिंदोंनी हात पुसले, भिंतीला टेकवलेली काठी ओढून घेतली आणि गोळ्याची गाठ चिमटीत धरून जोर लावून ओढली. गाठ जशीच्या तशी होती.

"शाबास," ते म्हणाले.

रसेलच्या हातातला खेकडा घमेल्यात पडला. इतकी वर्षं तो या एका शब्दासाठी थांबला होता. 

"पन्नास वर्षांत इतकी पक्की गाठ पाहिली नव्हती," आर्लिंदो पुढचा खेकडा उचलत म्हणाले. "जरा कच्ची बांधली असतीस, तर आत्ता दोघंही आत बसून सुखाने पाव खात असतो."