शिंत्र्यांचा फेस

मंगळवारी सकाळी हेमलता शिंत्र्यांच्या धुण्याचा फेस घरी परत आला. नगरपरिषदेचा माणूस त्याला सोडायला आला होता. फेस कमरेइतका उंच, किंचित निळसर होता आणि त्याला नकली मोगऱ्याचा वास येत होता. दाराबाहेर पायपुसण्यावर तो अंग चोरून उभा होता.

"तुमचाच ना?" माणसाने विचारलं.

"आमचा कशावरून? अख्खं गाव कपडे धुतं!" हेमलताबाई कडाडल्या.

"वासावरून. शिवाय तो स्वतःच पत्ता सांगतो. पूर्वी आम्ही सगळ्यांचा फेस ओढ्यातच राहू द्यायचो, बाई. आता ओढ्यात जागा नाही. ज्याचा त्याच्या घरी. ज्यांचा विरघळतो त्यांचा प्रश्नच येत नाही. तुमच्याला विरघळता येत नाही."

"का येत नाही?"

"त्याला तसं बनवलेलंच नाही," असं म्हणून तो जिना उतरून गेला. खाली टेम्पोत आणखी बरेच जण खोळंबले होते.

हेमलताबाईंचं डोकं फिरलं, पण ते फेसावर नव्हे, नवऱ्यावर. ही पावडर बदला, असं त्या अवधूतरावांना कधीपासून सांगत होत्या. घरात मशीन होतं, तरी अवधूतरावांच्या शर्टांच्या कॉलरी हातानेच घासाव्या लागत, आणि त्या घासून घासून त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी औषधाआधी धुण्याची पावडर बदलायला सांगितलं होतं. पण अवधूतराव पतसंस्थेत मॅनेजर. त्यांना शर्ट कसा लख्ख लागे, आणि लख्ख म्हणजे 'धवलराज'. "बघू पुढच्या महिन्यात," एवढंच ते म्हणत. पुढचा महिना काही येत नव्हता.

फरशी ओली होऊ नये म्हणून फेस आपणहून मोरीत जाऊन उभा राहिला. दुपारी हेमलताबाई भांडी लावत होत्या, तेव्हा तो म्हणाला, "बाई, बोटं दाखवता का जरा?"

"तुला काय करायचंय?"

"त्यांची साल माझ्यात आहे," फेस खाली बघत म्हणाला. "रोज थोडी थोडी यायची. मी मुद्दाम नव्हतो करत."

हेमलताबाई हातातलं पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ही बोटं दाखव म्हणून आजवर घरात कुणी म्हटलं नव्हतं. म्हणावं तर ह्याने! त्यांचा संताप दुप्पट झाला. पातेलं ओट्यावर आदळून त्यांनी चपला घातल्या. "चल," त्या फेसाला म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात कुलथेअण्णा गल्ल्यावर होते. "अंगाला आणि पाण्याला कमी त्रास देणारी पावडर द्या," हेमलताबाईंनी सांगितलं.

अण्णांनी लगेच हिरवा पुडा काढला. त्यावर पान होतं, पानावर दवबिंदू होता. "'वनश्री' घ्या वहिनी. शंभर टक्के नैसर्गिक."

फेसाने मान पुढे काढली. "हा माझा सख्खा मावसभाऊ. नुसते हिरवे कपडे घातलेत."

"त्याला जरा लांब उभं करा, माल भिजतोय," अण्णा म्हणाले.

हेमलताबाईंनी पुडा उलटा केला. "आत काय काय घातलंय ते का लिहिलं नाही?"

"ते कंपनीचं गुपित असतं."

"गुपित? माझ्या बोटांना बरं सांगितलं त्यांनी!" बाईंचा आवाज रस्त्यावर गेला. दोन गिऱ्हाइकं थबकली. "पान छापायला लाज वाटली नाही, आणि रसायनाचं नाव छापायला वाटते?"

फेस फळीफळीने पुढे सरकत होता. हा चुलत, हा मेहुणा, हा आमच्याच घरातला पण परदेशी राहणारा. ज्याचा वास मोठा त्याचं नातं जवळचं. सगळ्यात खालच्या फळीवर एक साधी पिशवी धूळ खात पडली होती. तिच्यावर आतले सगळे जिन्नस ठळक छापले होते. त्यात फॉस्फेट नव्हतं, सुगंध नव्हता, चमक आणणारं काही नव्हतं. फेस तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"ह्यांना मी ओळखत नाही," तो शेवटी म्हणाला.

"हीच द्या."

अण्णा घुटमळले. "तुमच्या भल्यासाठी सांगतो वहिनी. हिचा फेस होत नाही म्हणून लोक परत आणतात."

"फेस माझ्याकडे आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अवधूतरावांनी धुतलेला शर्ट दिव्याखाली धरला. "हा पिवळट दिसतोय."

"तो आधीपासून तसाच होता साहेब," मोरीतून फेस म्हणाला. "मी वरून नुसती चमक मारत होतो."

"माझ्या घरात हा मला शिकवणार?" अवधूतराव लाल झाले. त्यांनी बादली आणली, फेसाला तिच्यात कोंबलं आणि ओढ्यावर निघाले. "तिथूनच आणून सोडलाय त्याला," हेमलताबाई म्हणाल्या. अवधूतरावांनी ऐकलं नाही.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं बादल्या घेऊन उभी होती. कुणी फेस ओतला, की तो मुकाट्याने काठ चढून ओतणाऱ्याच्या मागे चालू लागे. अवधूतरावांनीही ओतला. मग त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पांढरं होतं, पाणी दिसतच नव्हतं. एक म्हैस तोंड पुढे नेई आणि मागे घेई. तिचा मालक अवधूतरावांना, त्यांच्या तोंडावर, एक शिवी देऊन तिला ओढत घेऊन गेला.

अवधूतराव घरी आले ते पँट घोट्यापर्यंत भिजवून. दार त्यांनी लावलं नाही, कारण फेस अजून जिना चढत होता.

हेमलताबाईंनी दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. "आता हेही बघून घ्या."

त्यांनी पाहिलं. प्रत्येक बोट पाहिलं. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाने हेमलताबाईंचा राग आणखी भडकला. त्या गॅलरीत गेल्या आणि तो पिवळट शर्ट दोरीवर असा झटकला, की चिमटे खाली पडले.

रविवारी अवधूतरावांची बहीण नलिनीताई मिरजेहून आल्या. सोफ्यावर बसता बसता त्यांची नजर मोरीच्या दाराकडे गेली. "अवधूत, हा कोण रे?"

"आमचाच आहे," अवधूतराव तुटकपणे म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

"माझ्या कॉलरींचा!" ते ओरडले. "जरा सरकून बस. केव्हाचा उभा आहे तो."

नलिनीताई सरकल्या. हेमलताबाईंनी स्वयंपाकघरातल्या कामातून मान वर केली नाही. फेस संकोचाने येऊन टेकला, आणि सोफा त्या बाजूने भिजला.